पवर्गातला एक शब्द

जुबेदाताईंची आणि माझी पहिली ओळख झाली, तेव्हा मी त्यांना उद्देशून बोललेले पहिले तीन शब्द हे होते. "सिस्टर, बाजूला व्हा." गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करायची नसते, हे मला कळते. चाळीस वर्षे व्यासपीठावर उभा राहिलेला माणूस आहे मी. सत्काराच्या प्रसंगी काय बोलावे आणि काय गाळावे, हे मला कोणी शिकवायला नको. पण श्रीमती जुबेदा रहीम देशमुख यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने लेख मागितला, तेव्हा मी अमरावतीहून अकोल्याला जाऊन आधी ताईंनाच विचारले, की काय लिहू? त्या म्हणाल्या, "लिहा ना भाऊ. पन खरं लिहाल त लिहा. मोठं मोठं लिहासाठी दुसरे लोक हायेत." म्हणून खरे तेच लिहितो.

बारा वर्षे झाली. माझा धाकटा भाऊ वसंता अकोल्यात मोटार वाइंडिंगचे दुकान चालवत असे. न्यूमोनियाने त्याची दोन्ही फुप्फुसे धरली आणि त्याला एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर ठेवले. ताई तिथे मुख्य परिचारिका होत्या. पहिले पंधरा दिवस वसंताच्या तोंडात नळी होती. नंतर गळ्याला छिद्र करून तिथून नळी घातली. तोंड मोकळे झाले, पण आवाज आला नाही. अशा रुग्णाचा श्वास गळ्यातल्या नळीतूनच आत जातो आणि तिथूनच बाहेर पडतो, वर स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही. ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. हातात पेन धरण्याची ताकद वसंताला उरली नव्हती.

आम्हा दोघा भावांत चार वर्षे बोलणे नव्हते. वडील वसंताकडे राहत. ते गेले त्या दिवशी मी नागपूरला व्याख्यान देत होतो. पुढे शोकसभेत बोलायला उभा राहिलो आणि म्हणालो, की बाबांना वेळेवर दवाखान्यात नेले असते, तर आज ही सभा भरली नसती. मी नाव घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती, वसंता पहिल्या रांगेत बसला होता. वाक्य चांगले उतरले, लोक हळहळले. तो उठून निघून गेला. त्यानंतर त्याने माझा उंबरा ओलांडला नाही आणि मी त्याचा.

भावजयीचा, सुमनचा, निरोप आला तेव्हा मी अकोल्याला धावलो. खाटेच्या पलीकडे एक परिचारिका हातात काचेसारखी आरपार दिसणारी पाटी धरून उभ्या होत्या. वसंताने मला पाहिले आणि त्याचे ओठ हलले. मिटले, उघडले, पुन्हा मिटले. छोटासा शब्द. त्याने तो पुन्हा म्हटला.

"सर, पाच मिंट द्या मले," परिचारिका म्हणाल्या. "पाटीवर एकेक अक्षर इचारून घेते."

"सिस्टर, बाजूला व्हा. माझ्या भावाचे बोलणे मला कळते."

त्या बाजूला झाल्या. मी वसंताचा हात धरला आणि बोलू लागलो. "बाप म्हणतोस ना? बाबांची आठवण येते ना रे? अरे, ते सगळे मी मनातून काढून टाकले आहे. जे झाले ते झाले. वसंता, मी तुला माफ केले." दहा मिनिटे तरी बोललो असेन. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. वसंताने डोळे मिटले. त्याला शांत वाटले, अशा समजुतीने मी बाहेर आलो. गळ्याच्या नळीवर झडप बसवून त्याचा आवाज येतो का, हे दुसऱ्या दिवशी पाहायचे ठरले होते. दुसऱ्या दिवशी ताप चढला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेरवी आटोपल्यावर सुमनने मला दोन गोष्टी दिल्या. पहिली तोंडी होती. "दादा, आता सांगते. बाबांनीच दवाखान्यात जाऊ देलं नाई. थोरला येऊ दे, मंग जाऊ, म्हनत होते. यायनं, तुमच्या भावानं, दोनदा गाडी बोलावली होती दारात. तुमाले सांगाच हाय, तुमाले सांगाच हाय, असं चार वर्स म्हनत रायले." दुसरी गोष्ट म्हणजे चाळीस पानी वहीतून फाडलेले एक पान. ताईंनी ते स्वतः घरी आणून दिले होते. रुग्ण पाटीवरून जे जे बोलतो ते त्या लिहून ठेवतात आणि घरच्यांच्या हाती देतात. माणसाचे शब्द दवाखान्यात कशाला पडून राहावेत, असे त्यांचे म्हणणे. त्या पानावर वसंता होता. "पंखा कमी." "सुमन जेवली का." "निळी मोटार दर्यापूरवाल्याची, त्याले देऊन टाका." आणि मी गेलो होतो त्या दिवसाची शेवटची ओळ: "भाऊ आला. दोन अक्षरं. दोनी पवर्गातले. इचारू देलं नाई."

मी ते पान अमरावतीच्या बसमध्ये वाचले. मूर्तिजापूर मागे पडले आणि मला एकदम आठवले, की आमच्या घरात "बाप" हा शब्द कोणीच उच्चारत नसे. आम्ही "बाबा" म्हणत असू. "बाबा" म्हणताना शेवटी तोंड उघडे राहते. वसंताचे ओठ शेवटी मिटले होते. मग तो काय म्हणाला होता?

दुसऱ्याच दिवशी परत अकोल्याला गेलो. पाळी संपवून ताई रुग्णालयाच्या पायऱ्या उतरत होत्या. मला पाहून त्या थांबल्या. माझ्यावर रागावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्या पायरीवरच बसल्या आणि पिशवीतून पाटी काढली.

"सर, तुमी त प्रोफेसर. प, फ, ब, भ, म. यातलं कोनतंबी बोला. आवाज काढू नका."

मी ओठ हलवले.

"काय बोलले, मले नाई समजलं. आता दुसरं बोला. पाहा, तेबी तसंच दिसते. पाचही एकसारखे. ओठ वर्ग सांगते सर, अक्षर नाई सांगत."

आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या मला शाळेतल्या वर्णमालेचा अर्थ त्या पायरीवर कळला. क-वर्ग कंठाचा, त-वर्ग दातांचा, प-वर्ग ओठांचा, हे मी घोकले होते. त्याचा हा अर्थ होतो, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

"मग शब्द कोणता होता?" मी विचारले.

"बाप असन. पाप असन. माफ असन."

"बाप नाही. आमच्यात तसे म्हणत नाहीत. आणि माफ कसा असेल? फ म्हणताना खालचा ओठ दातांना लागतो, तो दिसला असता."

ताई किंचित हसल्या. "तो माहा फ झाला, उर्दूवाला. तुमच्या भावाच्या तोंडी वऱ्हाडी फ. दोनी ओठ मिटते त्याले."

"तुम्हाला काय वाटते, ताई?"

"मले वाटून काय करता? म्या नाई सांगनार. तुमीबी त्याले सांगालेच गेले होते ना?"

एवढे कठोर वाक्य मला आजवर कोणत्याही सभेत कोणी ऐकवलेले नाही. आणि ते बोलून झाल्यावर त्याच म्हणाल्या, "चूक माहीबी हाय. तुमचं भाषन ऐकलेलं होतं म्या. मोठा मानूस म्हनून बाजूला झाली. नाई व्हाले पायजे होतं. त्याच दिवशी संध्याकाळी पाटी धरली त्याच्यापुढं. त्यानं डोये मिटून ठेवले. आमच्या खुनेत त्याचा अर्थ 'नाई' असा होते. सांगाचं नाई."

पाप म्हणाला असेल, तर ते माझे. माफ म्हणाला असेल, तर त्याने ती मागितली की मला दिली, हेही मला ठाऊक नाही. मी मात्र माफी त्याच्या अंगावर टाकून मोकळा झालो होतो. त्या दिवसापासून ताई मला "सर" म्हणेनाशा झाल्या, "भाऊ" म्हणू लागल्या. ही त्यांची माया. मी ती कमावलेली नाही.

ही पाटी कुठून आली, तेही सांगितले पाहिजे. ताईंचे वडील रहीमभाई दर्यापूरला पेंटर होते. देशमुख आडनावाचा मुसलमान पेंटर याचे वऱ्हाडात कोणाला नवल वाटत नाही. दुकानांच्या काचेवर ते आतल्या बाजूने उलटी अक्षरे काढीत, म्हणजे बाहेरून ती सुलटी दिसत आणि ऊनपावसाने पुसली जात नसत. ताई लहानपणी त्यांच्याजवळ रंगाचा डबा धरून बसत. पुढे परिचारिका झाल्यावर एका जुन्या एक्स-रेची फिल्म त्यांनी धुऊन आरपार केली आणि वडिलांपुढे ठेवली. "अब्बा, यावर वर्णमाला काढून द्या. आजाऱ्याले सुलटी दिसली पायजे." ती फिल्म रुग्ण आणि आपण यांच्यामध्ये धरायची. ओळीवर बोट ठेवायचे, मग अक्षरावर. आरपार रुग्णाचे डोळे दिसतात. पापणी एकदा मिटली की हो, डोळे मिटून ठेवले की नाही. अक्षर मिळाले की काना का, वेलांटी का, हे विचारायचे. एका शब्दाला कधी पाच मिनिटे लागतात. ताईंचा नियम एकच आहे आणि तो त्यांनी विभागाच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने रंगवला: "इचारा एक. मंग गप राहा."

मी त्यांना म्हटले, मला काही काम द्या. त्यांनी रुग्णांपुढे धरायच्या तक्त्याची वाक्ये लिहायला सांगितली. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांना एकेक वाक्य वाचून दाखवायचे आणि पापणीची खूण पाहायची. मी मन लावून लिहून नेले. "मला अस्वस्थ वाटत आहे." "मला वेदना होत आहेत."

ताईंनी वाचले आणि विचारले, "भाऊ, हे कोन बोलून रायलं?"

"रुग्ण."

"कुठचा? पुन्याचा? आपल्या हिवरखेडच्या बुढीले असं इचारलं त तिले वाटन, तहसीलदार आला."

माझी वाक्ये त्यांनी एकेक करून खोडली आणि वर लिहिले: "दुखून रायलं." "घसा सुकला." "माहे हात काहून बांधले?" हात का बांधले, ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. नळी ओढू नये म्हणून रुग्णाचे हात बांधतात, ते कधी आवश्यकही असते. पण तो असे विचारत असेल, हे मला सुचले नव्हते.

हिवरखेडची ती आजी खरोखरच तिथे होती. सारखी डोके हलवायची, यंत्र सारखे ओरडायचे. तिला झोपेचे इंजेक्शन द्यावे असे ठरत होते. ताईंनी पाच मिनिटे मागून घेतली आणि अंगाचा एकेक भाग आपल्या बोलीत विचारत खाली आल्या. डोस्कं? पाठ? कंबर? "टोंगळा" म्हटल्याबरोबर आजीची पापणी मिटली आणि डोळ्यांतून पाणी आले. संधिवाताचा गुडघा कित्येक दिवस सरळ ताणून ठेवलेला होता. ताईंनी चादरीची घडी करून टोंगळ्याखाली सरकवली. आजी इंजेक्शनाविना झोपली. आधी तिला कोणी विचारलेच नव्हते असे नाही. "गुडघा दुखतो का?" असे तिला दोनदा विचारले गेले होते. वाऱ्यावर गेले ते.

आवाज परत येण्याचा क्षणही मी तिथेच पाहिला. दर्यापूरच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवणारे गजूभाऊ महिनाभर यंत्रावर होते. गळ्यातल्या नळीभोवती एक छोटा फुगा असतो. रुग्ण सावरू लागला की डॉक्टर तो फुगा आधी रिकामा करून पाहतात आणि मग नळीच्या तोंडावर झडप बसवतात. श्वास झडपेतून आत येतो, पण परत जाताना त्याला स्वरयंत्रातूनच जावे लागते. फुगा तसाच ठेवून झडप लावली, तर श्वास आत कोंडतो आणि जिवावर बेतते. म्हणून ताईंनी खाटेमागे लाल रंगात लिहिले होते: "आधी फुगा, मंग झडप." त्या दिवशी डॉक्टरांनी फुगा सोडला, झडप बसवली. गजूभाऊ खोकले. मग घोगऱ्या, फाटक्या आवाजात पहिले वाक्य आले.

"माही जीप... कोनापाशी हाय?"

त्यांच्या पत्नी पायाशी उभ्या होत्या. "पाहा बापा! मयन्यानं तोंड उघडलं, त जीप इचारते. म्या काय स्टेपनी हावो?"

गजूभाऊ हसले आणि त्या हसण्यालाही आवाज आला. सगळा विभाग हसला. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या वहीत लिहीत होत्या: "माही जीप कोनापाशी हाय."

मी हसता हसता खिडकीकडे वळलो. वसंताचा पहिला शब्द कोणता आला असता?

पायरीवरच्या त्या संध्याकाळनंतर ताई कोणासाठीही बाजूला झाल्या नाहीत. एक पुढारी आपल्या आजारी वडिलांना भेटायला दहा जण घेऊन आत शिरले आणि "बाबांची इच्छा काय, ते मी सांगतो," असे म्हणू लागले. ताई पाटी घेऊन मध्ये उभ्या राहिल्या. "सायब, सांगू नका. इचारा. एक सवाल, मंग गप." पुढारी चक्क गप्प झाले. म्हाताऱ्याने पाटीवरून सावकाश एकेक अक्षर दिले: "या सगळ्यायले घरी पाठव." दहाही जण आल्या पावली परतले. पुढारी मात्र तासभर खुर्चीवर बसून राहिले. वडिलांजवळ इतका वेळ बसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

मला इथे एक गोष्ट जोराने सांगायची आहे आणि ती सांगताना माझा आवाज चढला, तर समितीने क्षमा करावी. मुक्यांच्या वतीने बोलणाऱ्यांचा आपल्याकडे सुकाळ आहे. मी स्वतः त्यांतला. जनतेला काय हवे, हे आम्ही माइकवरून सांगतो. घरातल्या म्हाताऱ्याला काय हवे, हे मुलगा सांगतो. खाटेवरच्या बाईला काय होते, हे नवरा सांगतो. ज्याच्या तोंडात नळी आहे, त्याला पाच मिनिटे द्यायला मात्र कोणी तयार नाही. आपल्या शहरांत व्हेंटिलेटर आले. एखादे नवे आले की फीत कापायला गर्दी होते. पाट्या किती आल्या? त्या धरून उभे राहायला किती माणसे नेमली? ताईंनी हे काम आपली पाळी सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत, कधी बोलणी खाऊन केले. त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या विभागातली पाटी काही महिने कपाटामागे पडून होती. सत्कार आपण आज करतो आहोत. तो व्हायला हवा होता तेव्हा आपण त्यांना बाजूला व्हायला सांगत होतो.

निवृत्तीनंतर ताई अमरावतीला येऊन तरुण परिचारिकांना शिकवू लागल्या. मागच्या वर्षी मी त्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो होतो. ताईंनी पाटी वर धरली. अॅक्रिलिकची, नवी. रहीमभाई आता नाहीत, अक्षरे ताईंनीच काढलेली. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, तुमची वर्णमाला चुकली. पहिली ओळ कवर्गाची पायजे. तुमी पवर्ग सगळ्यात वर लिहिला."

वर्गात हशा पिकला. ताई एवढेच म्हणाल्या, "माह्या पाटीत असाच हाय. तुमीबी असाच लिहा. पयले हीच ओळ इचाराची." आणि पुढचा मुद्दा सुरू केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ती ओळ वर का गेली, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होते. आता या ग्रंथाच्या वाचकांनाही माहीत झाले. वसंताचा शब्द मला कधीच कळणार नाही. पण वऱ्हाडात यापुढे जिथे जिथे ती पाटी धरली जाईल, तिथे तिथे पहिला प्रश्न त्याच्या ओळीपासून सुरू होईल. हे ताईंनी केले, कोणाला न सांगता.

सत्काराच्या दिवशी मला भाषणासाठी अर्धा तास दिला आहे, असे समितीने कळवले आहे. तो मी घेणार नाही. ताई, तुमचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, पाटी धरणारा हात भरून न येवो, टोंगळे न दुखोत. तुम्ही शंभरी पाहा आणि त्या सगळ्या वर्षांत कोणाच्याही सांगण्यावरून बाजूला होऊ नका. तुमच्या साठीनिमित्त मी व्यासपीठावर येईन आणि तुमच्याच नियमाने एकच गोष्ट विचारीन: ताई, बारा वर्षांपूर्वी मी तुम्हाला जे बोललो, ते तुम्ही पोटात घातले का?

आणि मग मी गप्प राहीन. तुम्हाला लागेल तेवढा वेळ.